पाइपलाइनचा जावई

रोज सकाळी सात वाजता जुंबेर आपल्या करड्या घोडीवर बसायचा आणि जे डोळ्यांना दिसत नाही त्याची राखण करायला निघायचा. अकरा वर्षं हेच चाललं होतं. घोडीचं नाव लुर्जा. वाट ठरलेली, आमच्या वेलिस्पिरी गावाच्या वरच्या झऱ्यापासून खालच्या व्हॉल्व्हच्या कुंपणापर्यंत नऊ किलोमीटर, आणि तेवढीच परत. त्या वाटेखाली पुरुषभर खोल तेलाचा पाइप आहे. तेल बाकूकडून येतं, आमच्या द्राक्षमळ्यांखालून, दफनभूमीच्या कडेनं, नदीच्या तळाखालून गपचूप सरकतं आणि काळ्या समुद्रावर जहाजांत चढतं. वर दिसतात ते फक्त पिवळे खांब आणि गवताचा एक पट्टा.

त्या पट्ट्यात काय करायचं नाही, याची यादी जुंबेरला पाठ होती. वीतभरापेक्षा खोल नांगर घालायचा नाही. अक्रोड लावायचा नाही, कारण त्याची मुळं खोल जातात. खांब रोवायचा नाही, चूल मांडायची नाही. कोणी काही खणताना दिसलं की थांबायचं, विचारायचं आणि छातीवरच्या पिशवीतल्या वहीत लिहायचं. जीपमधून हे काम होत नाही. जीप लांबून ऐकू येते आणि चिखलात रुतते, म्हणून कंपनीनं गावोगावचे घोडेवाले धरले. आमच्या गावातून जुंबेरला धरला. त्या दिवसापासून गावात त्याचं नाव पडलं, पाइपलाइनचा जावई.

नाव ठेवलं ते शाक्रोनं. शाक्रो ऐंशीचा, एका कानानं बहिरा आणि जिभेनं चौघांना पुरून उरेल असा. पाइप टाकला तेव्हा शहरातून एक मोठा माणूस आला होता. नकाशावर तांबडी रेघ दाखवून तो म्हणाला, "देश छोटा असला म्हणून काय झालं? आपण दोन समुद्रांमधला पूल आहोत." शाक्रोनं तिथल्या तिथं विचारलं, "पुलावरून सगळे जातात, साहेब. पण पुलाला कोणी जेवायला बसवल्याचं ऐकलंय का?" सगळे हसले. तो मोठा माणूसही हसला आणि गाडीत बसून निघून गेला. जगाच्या चुली पेटवणारं तेल आमच्या खालून जातं आणि आम्ही हिवाळ्यात ओंडके फोडतो. आधी राग यायचा, पुढं सवय झाली.

जुंबेर मात्र हे काम मनापासून करायचा. त्याआधी तो सामूहिक शेतीच्या ट्रॅक्टरवर मेकॅनिक होता. मग शेती मोडली, ट्रॅक्टर भंगारात गेले आणि दहा वर्षं माणूस नुसता अंगणात बसून राहिला. ज्याला उठून कुठं जायचंच नाही त्याची दाढी कशी वाढते, हे आम्ही पाहिलंय. कंपनीची पिवळी बंडी अंगावर आली तशी त्याची पाठ ताठ झाली. युद्ध झालं त्या ऑगस्टमध्ये विमानं डोक्यावरून गेली तेव्हा सगळं गाव घराकडं बघत पळालं. जुंबेर टेकडीवर उभा राहून पट्ट्याकडं बघत होता. बायको त्सिआला ओरडून ओरडून थकली. शेवटी ती म्हणाली, "तो पाइप फुटला तर तू काय हातानं धरणार आहेस?" तो खाली आला, पण रात्रभर जागाच होता. आपण कशाच्या उशाशी झोपतो, हे गावात त्या एकट्यालाच नीट कळलं होतं.

आता मुरमानबद्दल सांगायला हवं.

खातुना ही जुंबेरची एकुलती एक मुलगी. ती जन्मली त्या हिवाळ्यात गावात वीज नव्हती, पाव नव्हता, आणि रस्त्यावर बंदुका घेतलेले लोक होते, ते कोणाचे होते ते देव जाणे. आठ आठवड्यांच्या पोरीला न्यूमोनिया झाला. जुंबेर स्वतः तापानं पडलेला. शेजारचा मुरमान औषधासाठी गुडघाभर बर्फातून गोरी शहरापर्यंत चालत गेला. दोन ठिकाणी त्याला अडवलं, एका ठिकाणी अंगावरचा कोट काढून घेतला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो नुसत्या स्वेटरवर परत आला. इंजेक्शनच्या बाटल्या गोठू नयेत म्हणून त्यानं काखेत धरल्या होत्या. पोर वाचली. वसंतात तिचा बाप्तिस्मा झाला आणि मुरमाननंच धर्मबाप म्हणून तिला पाण्यातून उचललं. तेव्हापासून दोघं एकमेकांचे नातलिया. आमच्याकडं हे नातं रक्ताहून वरचं. सख्ख्या भावाशी कोर्टात भांडता येतं, नातलियाशी भांडलं तर गाव पाणी देत नाही.

मुरमानचे दोन्ही मुलगे पोलंडात गेले ते तिथलेच झाले. घरात तो आणि लामारा. माणूस मनाचा राजा, पण शेवटच्या काही वर्षांत त्याच्या बोलण्याला आंबूस चव आली होती. पाइप त्याच्या मळ्याच्या टोकावरून जातो. मोबदला मिळाला तो कधीच उडाला. "माझ्या जमिनीखालून जातंय आणि सरपण मी वाहतोय," हे वाक्य तो महिन्यातून दहादा बोलायचा. जुंबेर ऐकून घ्यायचा.

त्या वर्षी जूनमध्ये मुरमाननं आपलं रांजणघर वाढवायला काढलं. आमच्याकडं वाइन पिंपात नसते. मोठाले मातीचे रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरतात, वर छप्पर घालतात, ते रांजणघर. मुरमानचं रांजणघर पट्ट्यापासून साठ-सत्तर पावलांवर. कामाला बाहेरगावचे दोघं जण आले होते. जुंबेर घोडीवरून जाताना थांबला, तर कुंपणाला लागून ताज्या मातीचा ढीग.

"किती रांजण पुरतोयस, नातलिया?"

"चार. श्रोशाहून आणलेत, चांगले भट्टीचे."

"चार रांजणांची एवढी माती?"

"मोठे आहेत रे. आणि तू काय आता माती मोजायला लागलास? नातलिया आहेस की मोजणीवाला?"

दोघं हसले. लामारानं आतून प्लमची थाळी आणून दिली. जुंबेरनं घोडीवर बसूनच चार प्लम खाल्ले आणि वही काढून लिहिलं, "पट्ट्याबाहेर. रांजण पुरणे चालू. सर्व ठीक."

खणायला कुदळ घेतलेला कोणताही माणूस त्यानं सोडला नसता. पण रांजण पुरणाऱ्याला कोण अडवतो? आमच्यात घरात लेकरू जन्मलं तरी रांजण पुरतात. शंका घ्यायची ती विहिरीवर, घराच्या पायावर, चरावर. आणि जुंबेरनं स्वतः आयुष्यात सहा रांजण पुरले होते. चार रांजणांना किती माती निघते हे त्याला बोटांवर ठाऊक होतं. हा ढीग त्याच्या तिप्पट होता. बोगद्याएवढा. त्यानं वही मिटली आणि घोडीला टाच मारली. आपलेच दात, आपलेच ओठ.

पुढं सगळं उन्हाळाभर हळूहळू दिसत गेलं. मुरमानच्या कुंपणापाशी आली की लुर्जा नाक फेंदारून थबकायची, लगाम ओढावा लागायचा. रांजणघराच्या उताराखालचं गवत ऑगस्टमध्ये पिवळं पडलं, पाऊस झाला तरी उठलं नाही. लामारा रोज डोक्याला रुमाल बांधून दिसू लागली. "डोकं ठणकतंय, भावजी," ती म्हणायची, "म्हातारपण आलं, दुसरं काय?" आणि आठवड्यातून दोनदा गवताच्या गंज्या भरलेला एक ट्रक मुरमानच्या मागल्या दारानं बाहेर पडायचा. ज्या माणसाकडं एक गाय नाही त्याच्याकडं एवढं गवत कुठलं, हे विचारणारा गावात कोणी नव्हता. ज्याचं काम विचारण्याचं होतं तो त्या वेळी झऱ्यावर घोडीला पाणी पाजत असायचा.

सप्टेंबरच्या शेवटी तेमूर आला. तेमूर म्हणजे कंपनीचा तिशीतला साहेब, पांढरी जीप, स्वच्छ बूट. जुंबेरला तो मान देऊन बोलायचा.

"जुंबेरकाका, आपल्या टप्प्यात दाब कमी होतोय. थोडा, पण होतोय. कोणीतरी चोरनळ बसवलाय."

"आमच्या टप्प्यात?"

"तुमच्याच. यंत्र खोटं बोलत नाही. दहा दिवस देतो, शोधा. नाहीतर वरून कुत्री, पोलीस सगळं येईल आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही." मग त्यानं दरवर्षीचंच पुन्हा सांगितलं. जुंबेरनं ते अकरा वेळा ऐकलं होतं. "आणि काका, कुठं वास आला तर काडी ओढू नका. ह्या तेलाची वाफ धुरासारखी वर जात नाही. पाण्यासारखी खाली उतरते, खड्ड्यात बसून राहते. वरून काही कळत नाही आणि ठिणगीची वाट बघते."

जुंबेरनं मान हलवली. त्याचं लक्ष वाफेकडं नव्हतं. पोलीस, कुत्री, बेड्या आणि बर्फातून स्वेटरवर आलेला मुरमान, एवढंच त्याच्या डोळ्यांपुढं होतं. दहा दिवसांतले सात त्यानं असेच घालवले. मुरमानला गाठून एक शब्द बोलायचा, नळ बंद कर, माती लोट, मी काही पाहिलं नाही. रोज ठरवायचा आणि रोज कुंपणावरून पुढं जायचा. शाक्रोनं एकदा त्याला हटकलंच. "काय जावईबापू, तोंड का उतरलंय? सासरा काही बोलला का? तळं राखील तो पाणी चाखील म्हणतात, तू तर नुसता काठावर बसून सुकलास!" जुंबेर घोडी वळवून पुढं निघाला.

आठव्या दिवशी मुरमानकडं द्राक्षतोडणीची पंगत होती.

ही पंगत तोडणीच्या आदल्या दिवशी असते. गेल्या वर्षीचा जुना रांजण त्या दिवशी तळापर्यंत रिकामा करायचा. मग तो लगेच चेरीच्या सालीच्या कुंच्यानं घासून धुवायचा, रात्रभर झाकून ठेवायचा, आणि सकाळी तारेला गंधकाची वात बांधून, पेटवून आत सोडायची. गंधकाच्या धुरानं रांजण शुद्ध होतो, मग नवा रस त्यात जातो. बापजाद्यांपासून हे असंच चालत आलंय.

दुपारी दोनला तीस माणसं अक्रोडाच्या झाडाखाली बसली. खातुना गोरीच्या दवाखान्यात नर्स होती, ती दोन दिवसांची सुट्टी काढून आली होती. निखाऱ्यावर मांस भाजलं जात होतं, अक्रोडाच्या वाटणातली कोंबडी होती, लामारानं चीज भरलेल्या खाचापुऱ्यांची चळत लावली होती. तमादा अर्थातच जुंबेर. पंगतीचा पुढारी, प्याला उचलून बोलणारा. त्याच्यासारखं बोलणारा आसपासच्या चार गावांत नव्हता. मेलेल्यांसाठी प्याला उचलला की दगडाला पाझर फुटायचा.

पहिला प्याला देवाचा आणि शांततेचा. जुंबेर उभा राहिला, बोलला, प्याला ओठाला लावला. वाइन जिभेवर ठीक होती. घशाकडं उतरताना मागून वास आला. ट्रॅक्टरच्या टाकीत तोंड घातल्यासारखा. चाळीस वर्षांपासून ओळखीचा.

त्यानं नजर फिरवली. शाक्रोनं घोट पटकन गिळला आणि पाव तोंडात कोंबला. पलीकडचा एक जण प्याल्यात बघत राहिला. बायकांच्या बाजूला कोणीतरी प्याला हळूच खाली ठेवला. सगळ्यांना वास आला होता, पैज लावून सांगतो. पण यजमानाच्या वाइनला नाव ठेवणं म्हणजे त्याच्या आईला नाव ठेवणं. आमच्या गावात माणूस व्हिनेगर पिऊन मरेल, पण तोंड वाकडं करणार नाही. आणि असं काही झालं की सगळे तमादाकडं बघतात. तीस तोंडं जुंबेरकडं वळली. टेबलाच्या टोकाला मुरमान उभा होता, कानापर्यंत हसू. त्याला काहीच कळलं नव्हतं. महिनोन्‌महिने त्या वासात राहून त्याचं नाक केव्हाच मेलं होतं.

"कशी आहे?" त्यानं विचारलं.

जुंबेरला त्या वेळी एकच दिसलं. मी तोंड वाकडं केलं तर आत्ता, तीस जणांसमोर, माझा नातलिया उघडा पडेल. त्यानं शिंगाचा प्याला मागवला, काठोकाठ भरायला लावला आणि म्हणाला, "ऐका! तीस वर्षं मी ह्या अंगणात पितोय. अशी वाइन ह्या रांजणानं कधी दिली नाही. खोटं बोलत असेन तर माझ्या खातुनाची शपथ!" आणि शिंग एका दमात रिकामं केलं. मग दुसरं, मग तिसरं.

टाळ्या झाल्या. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि प्याले उचलले. तमादानं सांगितलं, म्हणजे वाइन चांगली. संध्याकाळपर्यंत रांजण तळाला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं जड असतानाही जुंबेर सातला निघाला. मुरमानच्या मळ्यात माणसं द्राक्षं तोडत होती. खातुनाही परड्या घेऊन तिकडंच गेली होती. तो पुढं निघाला. आज बोलायचंच, असा पुन्हा एकदा निश्चय करत तो खालच्या व्हॉल्व्हच्या कुंपणाशी पोहोचला. तिथं कुंपणावर तांबडी पाटी आहे, काडीवर फुली मारलेली. रोज बघायचा ती पाटी. त्या दिवशी बघितली आणि त्यानं घोडीचा लगाम खेचला. घासलेला, झाकलेला, रिकामा रांजण. पुरुषभर खोल. खड्डाच तो. आणि आज सकाळी वात.

चार महिने तो कैदेच्या विचारात होता, नात्याच्या विचारात होता. आगीचा विचार त्यानं एकदाही केला नव्हता.

त्यानं मुरमानला फोन लावला. वाजत राहिला. लामाराला लावला. ती अंगणात कढईशी असणार, तिलाही ऐकू गेला नाही. छातीवर कंपनीनं दिलेलं बिनतारी यंत्र होतं, त्याला तांबडं बटण. ते दाबलं की दहा मिनिटांत तेमूर, वीस मिनिटांत पोलीस, आणि मुरमान आत. त्याचा अंगठा बटणावर गेला आणि परत आला. घोडीवरून पोहोचतो की, असं म्हणून त्यानं लुर्जाला वळवलं. म्हातारी घोडी, पण त्या दिवशी पळाली. मळ्यातल्या लोकांनी त्याला बेफाम दौडताना पाहिलं. ते पुढं त्याला फार महागात पडलं.

अंगणात लामारा रसाच्या कढईत पीठ ढवळत होती. खातुना मळ्यातून परतून ओट्यावर त्या कढईत बुडवायचे अक्रोड दोऱ्यात ओवत बसली होती. "बाबा, काय झालं?" ती म्हणाली. "काही नाही, आत येऊ नकोस," एवढं बोलून तो रांजणघराच्या दारात पोहोचला.

मुरमान रांजणाच्या तोंडाशी गुडघे टेकून बसला होता. झाकणाचा दगड बाजूला सारलेला. एका हातात तार, तारेला पिवळी वात, दुसऱ्या हातात लायटर.

"लायटर खिशात ठेव. बाहेर ये."

"का रे? पंगत कालच संपली," मुरमान हसून म्हणाला.

"रांजणात तेल झिरपतंय. वाइनला वास होता."

मुरमाननं दाराकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "कसलं तेल?"

"तुला ठाऊक आहे कसलं. मला जूनपासून ठाऊक आहे."

मुरमाननं तार मांडीवर ठेवली. मग मान हलवत म्हणाला, "अच्छा. म्हणजे त्या पांढऱ्या जीपवाल्यानं पाठवलंय तुला. मग सरळ सांग ना, नळ बंद कर म्हणून. वासाची गोष्ट कशाला रचतोस?"

"रचत नाही, मर्दा! वात सोडलीस तर उडशील."

"वीस वर्षं वात सोडतोय मी इथं."

"तेव्हा खाली चोरनळ नव्हता!"

"हळू बोल. बायको आहे बाहेर." मुरमानचा चेहरा आता दुखावल्यासारखा झाला होता. "काल तू ह्याच रांजणातली तीन शिंगं प्यालास. साऱ्या गावासमोर खातुनाची शपथ घेतलीस. माझ्या मानसपोरीची. ती खोटी होती? म्हण तसं. शपथ खोटी होती असं तोंडानं म्हण, मी हा लायटर फेकून देतो."

म्हणायचं होतं ते एवढंच. दोन शब्द. पण आमच्याकडं लेकराची खोटी शपथ लेकरावर उतरते. जुंबेर काही देवभोळा नव्हता, इंजिनं खोलून जोडणारा माणूस. तरी त्याची मान आपोआप दाराकडं वळली. बाहेर खातुना दोऱ्याचं टोक दातात धरून गाठ मारत होती. त्यानं नजर काढून घेतली. एक श्वास, फार तर दोन.

"बघ," मुरमान म्हणाला. चिडून नाही, मित्राला खेळात पकडल्यावर बोलतात तसं. आणि त्यानं लायटर पेटवला.

आवाज मोठा झाला नाही. जमिनीखालून कोणीतरी दार आपटावं तेवढाच. रांजणाच्या तोंडातून निळी ज्वाळा छपरापर्यंत गेली आणि मुरमान तिच्या आत होता. जुंबेरनं त्याला पायांना धरून बाहेर ओढलं. त्यात त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. मागं रांजणघराची जमीन जागोजाग पेटत गेली, एकेका रांजणाच्या तोंडातून. खातुनानं आपल्या धर्मबापाचं डोकं मांडीवर घेतलं आणि पाणी, पाणी असं ओरडत राहिली. तेव्हा कुठं जुंबेरनं तांबडं बटण दाबलं. बोटांना जाणीव नव्हती, म्हणून नाकानं दाबलं.

व्हॉल्व्ह बंद झाले. दीड दिवस आमच्या खालून तेल गेलं नाही. मग पाइप दुरुस्त झाला आणि ते पुन्हा वाहू लागलं. मुरमान तिबिलिसीच्या दवाखान्यात चौथ्या दिवशी वारला.

पोलीस आले तेव्हा बाहेरगावचे ते दोघं कधीच पसार झाले होते. चौकशीत जुंबेरनं सगळं कबूल केलं नाही आणि सगळं नाकारलंही नाही. वहीत "सर्व ठीक" असं लिहिलेलं होतं, त्यामुळं त्याच्यावर काही आलं नाही. तेमूर एक छापील पत्र घेऊन आला, प्रसंगावधान वगैरे. जुंबेरचे हात बँडेजमध्ये होते, म्हणून पत्र त्सिआलानं घेतलं आणि चुलीत घातलं.

गावानं निकाल दिला होता. दौडत आला ना? म्हणजे चुगली आधीच केली होती, मग पोलीस येण्याआधी नातलियाला तोंड दाखवायला आला. शाक्रोनं टोमणे मारणं बंद केलं, आणि ते टोमण्यांपेक्षा वाईट होतं. जुंबेरनं कोणाला काही सांगितलं नाही. चुगलखोर म्हणवून घेणं त्याला सोपं वाटत होतं.

चाळिसाव्या दिवसाची पंगत लामाराच्या अंगणात झाली. वाइन शेजाऱ्यांकडून आणलेली. लोक खाली माना घालून बसले होते. मेलेल्यासाठी कोण बोलणार हे कोणी ठरवेना. तेव्हा लामारा स्वतः उठली. काळ्या कपड्यांत, डोक्याला रुमाल नाही. प्याला भरून तिनं जुंबेरपुढं धरला. त्याच्या हातांची कातडी अजून गुलाबी होती, त्यानं दोन्ही तळव्यांत प्याला घेतला.

"भावजी, त्याच्यासाठी बोलायच्या आधी मला एक सांगा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेला. "त्या दिवशी वाइनला वास आला होता का?"

खातुना टोकाला पाव कापत होती. तिची सुरी थांबली. जुंबेरनं तिच्याकडं पाहिलं आणि ह्या वेळी नजर काढून घेतली नाही.

"आला होता, वहिनी. पहिल्याच घोटाला."

लामारानं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली.

"मलाही आला होता," ती म्हणाली. "स्वयंपाकघरात चाखली तेव्हाच. म्हटलं, पाहुण्यांपैकी कोणीतरी तोंड वाकडं करील, मग मी मुरमानला बोलेन, हे काय चाललंय तुझं म्हणून. मी तुमच्याच तोंडाकडं बघत होते, भावजी. तुम्ही शपथ घेतलीत, म्हणून मला वाटलं, माझंच नाक बिघडलंय."